कावळ्याचा पंधरवडा

गणपती गेले की काही दिवस आमचं कल्याण माहेरवाशिणी परत गेलेल्या घरासारखं दिसतं. मांडवाचे बांबू सुटून गटाराच्या कडेला आडवे पडलेले असतात, झिरमिळ्यांची एखादी माळ विजेच्या तारेत अडकून राहते, आणि वरून भादव्याचं ऊन, अंगाला चिकटणारं. पाऊस गेला म्हणावं तर गेलेला नसतो. निरोप घेऊन झाला तरी दारात चपला घालत बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो रेंगाळतो. बाजारात एरवी कोपऱ्यात पडून असलेला लाल भोपळा या दिवसांत भाव खातो. गवार, कारली, अळूच्या जुड्या. भाजीवाली फोड कापून देताना विचारते, ‘कुणाचं आहे?’ म्हणजे श्राद्ध कुणाचं. माणसं सरळ उत्तर देतात, ‘वडिलांचं’, ‘सासूबाईंचं’. एकदा मला तिने विचारलं आणि मी म्हणालो, ‘सरांचं’. तिने फोड हातातच धरून माझ्याकडे बघितलं. सरांचं श्राद्ध माझ्याकडे कसं, हा तिचा प्रश्न बरोबरच होता. मी नुसताच भोपळा घेतला आणि निघालो.

श्राद्ध मी करत नाही. त्यांच्या घरी ते रीतीप्रमाणे होतं. पण भादव्याचा वद्य पक्ष लागला की मला आठवतो तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमच्या ऑफिसचा पहिला मजला, खिडकीच्या पत्र्यावर खरडणारे कावळ्यांचे पाय, आणि सी भाषेतला एक प्रोग्राम.

आमची कंपनी छोटी. खाली लेथ आणि ड्रिलची घरघर, वर आम्ही सहासात जण, आणि मधल्या जिन्यावर मशीन ऑइलचा वास कायमचा मुक्कामाला. आम्ही सिरिंज पंप बनवतो. दवाखान्यात पाहिला असेल तुम्ही: खाटेशेजारच्या दांडीवर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र लावलेलं असतं, त्यात आडवी सिरिंज, आणि तिचा दट्ट्या इतक्या हळू पुढे सरकत असतो की बघून कळतसुद्धा नाही. औषध रोग्याच्या शिरेत किती वेगाने जायचं ते आत बसलेला प्रोग्राम ठरवतो. तो प्रोग्राम लिहिणारे आणि निस्तरणारे आम्ही.

मालक नाडकर्णी साहेब तसे आधुनिक, पण पितृपक्षात नवा माल गेटबाहेर काढायचा नाही हा त्यांचा दंडक. ‘आपण पाठवू, घेणार कोण?’ असं म्हणायचे, आणि त्यात तथ्य होतं. या पंधरवड्यात नवं मशीन लावून घेणारा डॉक्टर ठाण्यापासून कर्जतपर्यंत आम्हाला कधी भेटला नाही. मग रिकामे हात करायचे काय? तर जुना प्रोग्राम वाचायचा. जे निवृत्त झाले, सोडून गेले, त्यांनी लिहून ठेवलेल्या ओळी या दिवसांत उघडायच्या आणि त्यात भोकं आहेत का ते शोधायचं. ‘बाकीचे लोक पितरांना जेवू घालतात,’ मेघना म्हणायची, ‘आपण त्यांच्या चुका काढतो. लय पुण्य लागणारे आपल्याला.’

मेघना म्हात्रे आमच्याकडे टेस्टिंगला. डोंबिवलीच्या कडेच्या गावातली. आजोबांची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्या एका टॉवरला तिच्या पणजीचं नाव आहे. मी काही तरी हुशारीचं करून ठेवायचं आणि तिने ते मोडून दाखवायचं, अशी आमची कामाची वाटणी. ती कोणी ठरवली नव्हती. आपोआप पडली.

भोकं शोधायला आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. ते प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचतं. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींचं ऑडिट करायला माणूस येतो, तो काही इमारत पाडून बघत नाही. छोटी हातोडी घेऊन खांबाखांबाला टकटक करत हिंडतो आणि पोकळ आवाज आला की खडूने फुली मारतो. तसंच हे. प्रत्येक वाट कुठून निघते, कुठे जाते, वाटेत काय कोसळू शकतं, हे सगळं कागदावरच. ज्या वाटेने आजवर कोणी गेलं नाही तीसुद्धा ते चालून येतं. आणि मग ओरडतं. एवढं ओरडतं की खरी हाक कुठली आणि सवयीची कुठली हे कळेनासं होतं. दातार सरांनी त्याचं नाव ठेवलेलं, कावळा.

दातार सर म्हणजे ज्यांनी आमच्या पंपाचा मूळ प्रोग्राम लिहिला ते. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, ‘मूळ गाव कुठलं?’ मी म्हणालो, चिपळूणजवळ. ‘आणि हे?’ म्हणून त्यांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो, हा व्हेरिएबल आहे. ‘ते दिसतंय. याचं मूळ गाव कुठलं? हा घरातच जन्मला, की बाहेरून आला? बाहेरून आला असेल तर दारात कोणी विचारलं का, बाबा रे, कुठला तू?’ त्यांच्या मते सगळी सुरक्षितता एवढ्या एका प्रश्नात मावते. घरातल्या माणसाला ओळखपत्र विचारू नका, बाहेरून आलेल्याला विचारल्याशिवाय आत घेऊ नका. कावळाही शेवटी हेच करत होता. बाहेरून आलेली गोष्ट न तपासता थेट आतल्या खोलीत पोचली की काव.

आता सी भाषेचा स्वभाव सांगायला हवा. या भाषेत तुम्ही माहिती ठेवायला डबा घेता, आणि त्यात किती मावतं हे डब्याला माहीत नसतं. जास्त ओतलं तर भाषा हूं की चूं करत नाही. ते शेजारच्या डब्यात सांडतं. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या जुन्या चाळीत असंच होतं. दिव्याला पाणी येणं हीच मोठी गोष्ट, पण आलं आणि वरच्या बिऱ्हाडाचा नळ उघडा राहिला असला की ते भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात. आई ओरडायची. सी भाषेत आई नाही.

माझा या पंधरवड्यांचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. पहिल्या वर्षी कावळ्याने इतक्या सूचना काढल्या की मी चार दिवस वाचल्या आणि पाचव्या दिवशी साक्षात्कार झाल्यासारखं जाहीर केलं, याला काही कळत नाही. प्रत्येक सूचनेला ‘खोटी’ असा शिक्का मारला आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर मेघनाने माझ्या खोट्यांतली एक खरी करून पंपावर चालवून ठेवलेली. पडद्यावर एका रोग्याचं नाव आणि दुसऱ्याचं आडनाव. ‘लग्न लावलंयस तू यांचं,’ ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो. म्हणजे उलट्या बाजूने वेडा. कावळा म्हणेल तिथे तपासणी घातली. आत येताना तपास, बाहेर जाताना तपास, एकाच खोलीत इकडून तिकडे जातानाही तपास. मेघनाने पंप सुरू केला. त्याने नम्रपणे नकार दिला. पुन्हा सुरू केला, पुन्हा नकार. तिने खुर्ची मागे सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘अभिनंदन. आता पंप एकदम सुरक्षित आहे. चालतच नाय.’

सर तेव्हा निवृत्त झालेले, पण दर पितृपक्षात न चुकता फोन करायचे. ‘काय रे, माझ्या पिंडाला शिवला का तुमचा कावळा?’ मी म्हणायचो, नाही सर, घिरट्या घालतो आणि जातो. ‘काहीतरी इच्छा राहिली असेल माझी,’ असं म्हणून ते हसायचे, आणि मागून काकूंचा आवाज यायचा, ‘अहो, जिवंतपणी कसल्या पिंडाच्या गोष्टी करता?’

ज्या वर्षाबद्दल मी बोलतोय त्या वर्षी सरांचा फोन आला नाही. ते कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये होते. आधी किडनीचं काहीतरी, मग रक्तात पसरलेला संसर्ग, मग रक्तदाब खाली खाली. तो धरून ठेवायला औषध चालू होतं, अखंड, थेंबाथेंबाने. मी भेटायला गेलेलो तेव्हा खाटेजवळच्या दांडीवर आमचा पंप दिसला आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. काकूंना म्हणालोसुद्धा, ‘बघा, सरांना सरांनीच धरून ठेवलंय.’ तेव्हा वाक्य चांगलं वाटलेलं.

दुसऱ्याच दिवशी कावळा शिवला.

सूचना सरांच्या फाइलमधली होती आणि ती दर वर्षी यायची. रोग्याचं नाव एका ठरावीक मापाच्या डब्यात ओतलं जातं, लांबी न तपासता. दर वर्षी आम्ही ती बाजूला ठेवायचो, कारण नाव पंपाच्या पॅनलवरूनच टाइप व्हायचं आणि पॅनल मापाबाहेर अक्षर घेतच नसे. घरातला माणूस. ओळखपत्र कशाला? पण या वेळी कावळ्याने दाखवलेली वाट लांब होती. ती पॅनलपासून सुरू होत नव्हती. नव्या मॉडेलला आम्ही वाय-फाय दिलेलं, नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सगळे पंप एकत्र दिसावेत, अलार्म तिथे वाजावा, आणि नावही तिथूनच टाकता यावं म्हणून. वाट तिथून निघत होती. हवेतून आलेलं नाव माझ्या फाइलमधून सरांच्या फाइलमध्ये जात होतं, आणि वाटेत त्याला मूळ गाव कोणीही विचारत नव्हतं. सरांच्या घराला त्या बाजूने भिंत होती. त्या भिंतीत दार मी पाडलेलं. दोन फाइली, दोन माणसं. प्रत्येकाला वाटलं की विचारपूस दुसऱ्याने केली असणार.

आणि नावाच्या डब्याला लागून कुठला डबा होता? औषधाच्या वेगाचा.

मी मेघनाला बोलावलं. ती नेहमीच्या उत्साहात आली. टेबलावर पंप लावला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, नळीखाली स्टीलची वाटी ठेवली. मग लॅपटॉपवरून नाव पाठवायला बसली. ‘थांब, चांगलं लांब घालते. लग्नपत्रिकेत छापतात तसं.’ तिने आपल्या भावाचं नाव टाकलं, पुढे वडिलांचं, आजोबांचं, गावाचं, कुलदैवताचं. हसत हसत बटण दाबलं.

पडद्यावर नाव अर्धंच दिसलं. त्याखाली वेगाचा आकडा बदलून भलताच झाला. आणि दट्ट्या, जो कधी सरकताना दिसत नाही, तो दिसला. सरळ पुढे गेला. वाटीत पाण्याची धार लागली आणि संपली. पंप म्हणाला, सिरिंज रिकामी.

आम्ही वाटीकडे बघत बसलो. मेघनाचा भाऊ तेव्हा लग्नाचा होता. ती एकदम उठली आणि लॅपटॉपवरचं नाव एकेक अक्षर करत खोडायला लागली, सगळं एकदम पुसता येतं हे माहीत असूनही.

‘वॉर्डातला वाय-फायचा पासवर्ड कोणाला माहितीये?’ तिने विचारलं.

मी म्हणालो, ‘चहाच्या मशीनशेजारी खांबावर चिकटवलाय. नातेवाइकांच्या सोयीसाठी.’

नाडकर्णी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘कुठे झालंय का असं?’

‘नाही.’

‘म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलं तरच होणार. मग घटस्थापना होऊ दे. पंधरवड्यात मशीनला हात लावायला गेलात तर डॉक्टर दारात उभं करायचे नाहीत.’

‘साहेब,’ मेघना म्हणाली, ‘मुद्दाम करणारा पंचांग बघून येणार हाय काय?’

साहेबांना असं कोणी बोललेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ते काही म्हणणार तेवढ्यात मी म्हणालो, ‘दातार सर त्याच पंपावर आहेत. कल्याणला.’ त्यांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला, घातला, पुन्हा काढला. सरांनी आणि त्यांनी या इस्टेटीत एका गाळ्यात सुरुवात केलेली. ‘गाडी घेऊन जा,’ एवढंच म्हणाले. ‘पहिले त्याचा करा.’

दुरुस्ती म्हणजे काय होती? एक ओळ. नाव मापाबाहेर असेल तर घेऊ नको, एवढी एक ओळ. पण ती पंपात घालायची तर केबल लावून पंप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि त्यात चहा गार होण्याएवढा वेळ जातो. नर्सिंग होमच्या डॉक्टरबाईंनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं. ‘त्यांचं औषध एवढा वेळ बंद ठेवलं तर प्रेशर कुठे जाईल कल्पना आहे? दुसरा पंप लावून बदला.’ दुसरा मोकळा पंप नव्हता, आणि ऑफिसातल्या गोदामातले सगळे जुन्याच प्रोग्रामचे. बसवून, तपासून, खात्री करून आणायला वेळ हवा. तशी खात्री मेघना देणार होती, आणि ती घाईत देत नाही.

मी सरांजवळ गेलो. नाकावर मास्क, हात सुजलेले, पण डोळे जागे.

‘पंधरवडा लागला ना?’ सर म्हणाले. आवाज मास्कच्या आत घुमायचा. ‘काय म्हणतोय कावळा?’

‘विशेष काही नाही, सर.’

‘मग ऑफिसची केबल खिशातून लोंबतेय ती कशाला?’

खोटं बोलण्यातही मला धड यश नाही. सांगितलं सगळं. नाव, डबा, शेजारचा डबा, वाय-फाय. काकू पलीकडे संत्रं सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. मी सारखा म्हणत होतो, ‘तुमची चूक नाही सर, तुमच्या वेळी वाय-फाय नव्हतं, दार मी पाडलं.’

‘पुरे,’ सर म्हणाले. ‘वाटून काय घेतोस? एका ओळीचं काम होतं. मी लिहिली नाही, कारण गरज नव्हती. तू लिहिली नाहीस, कारण मी लिहिली असेल.’ ते दम घ्यायला थांबले. दट्ट्या सरकत होता, न दिसता. ‘या खोलीत आपले किती आहेत?’

‘जवळजवळ सगळ्या खाटांना.’

‘मग माझा पंप राहू दे. थांबवता येतात ते आधी करा. आणि वाय-फाय काढ. साधं उत्तर आहे.’

‘वाय-फाय काढलं तर नर्सच्या टेबलावर अलार्म वाजणार नाही, सर. खाटेजवळच वाजेल. नर्स दोघीच आहेत.’

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, ‘अलार्म ऐकायला माणसं लागतात. बाहेर बाकावर बसलीयत ना इतकी.’

डॉक्टरबाई आधी तयार होईनात. माझ्याबरोबर आलेल्या मेघनाने त्यांच्या टेबलावर स्टीलची वाटी ठेवली, सोबत आणलेला टेस्टिंगचा, रोग्याला न लावायचा पंप लावला, आणि एका मोठ्या नावाने तो रिकामा करून दाखवला. वॉर्डातली वाय-फायची पेटी दहा मिनिटांत बंद झाली, सगळे पंप दुरुस्त होईपर्यंत.

मग तो वॉर्ड मी कधी विसरणार नाही असा झाला. प्रत्येक खाटेजवळ एक नातेवाईक, आळीपाळीने, कान पंपाकडे लावून. बीप वाजली की त्याने उठायचं, नर्सला हाक मारायची. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा एपीएमसीत कांद्याचा व्यापारी, दिवसभर फोनवर ओरडणारा माणूस. त्याने फोन बंद करून ठेवला. ‘म्हणजे आता आम्हीच नेटवर्क काय?’ त्याने विचारलं. मी हो म्हणालो. ‘मग रेंज चांगली आहे,’ तो म्हणाला आणि आईच्या उशाशी ताठ बसला. कोणीतरी खांबावरचा पासवर्डचा कागद फाडून टाकलेला. दुसऱ्या कोणीतरी त्याच जागी गजाननाचं छोटं चित्र लावलं. मी ते तसंच राहू दिलं. तेवढी सुरक्षितता मला पटण्यासारखी होती.

ते दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. मेघना तपासून पंप पाठवते आहे आणि मी दिव्यातल्या एका दवाखान्यात लिफ्ट बंद म्हणून जिन्याने पंप खांद्यावर घेऊन चढतो आहे. तिथला कंपाउंडर म्हणतो, ‘पक्ष चालू आहे, आज नवीन मशीन नको.’ मी म्हणतो, ‘नवीन नाही, जुनंच आहे, थोडं शहाणं झालंय.’ रिक्षात शेजारी केळीच्या पानांचा भारा. काकू डब्यातून आणलेली खीर वॉर्डातल्या सगळ्यांना वाटतायत आणि सासूबाईंची तिथी होती म्हणून सांगतायत. सरांच्या पायाशी बसून मी ऐकतो आहे. प्रोग्रामरने आपल्या प्रोग्रामचा आवाज इतका लक्ष देऊन सहसा ऐकलेला नसतो. दट्ट्याची मोटर दर थोड्या वेळाने एक बारीक टिक देते. ती टिक आली की मी श्वास सोडायचो. पुढची येईपर्यंत धरायचो.

बसून बसून माणूस नको ते विचार करतो. कावळा प्रोग्राम वाचतो तसं कोणी आपल्याला वाचलं तर? न चालवता, आधीच. या वाटेने गेलास तर इथे पडशील, ही गाठ पुढे सुटणार नाही, हा माणूस या खाटेवर येईल. प्रोग्रामच्या सगळ्या वाटा वाचता येतात, कारण तो थांबलेला असतो. सरांचं सगळं चालू होतं. त्यांच्या किडन्या, त्यांचं रक्त, ते रोज सकाळी बदलणारे रिपोर्ट. तिथे सूचना येत होत्या त्या सगळ्या खऱ्या होत्या, आणि एकीलाही लिहायला ओळ नव्हती.

तपासलेला पंप अखेर आला. आता डॉक्टरबाई दुसरा लावून सरांचा बदलायला राजी होत्या. सरांनी मान हलवली, नको. मी जवळ गेलो.

‘शेजारच्या आजींना लाव.’

‘त्यांच्यासाठीही येतोय, सर. दुपारपर्यंत.’

‘मग आत्ता लाव. दुपारी मला.’

काकू म्हणाल्या, ‘अहो.’ फक्त एवढंच. सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे. डॉक्टरबाईंनी कपाळावरचे केस मागे सारले आणि आजींच्या खाटेकडे वळल्या. कांद्याच्या व्यापाऱ्याला काय चाललंय ते नीट कळलं नाही, पण त्याने उठून सरांना हात जोडले.

दुपारी दुसरा पंप आला. तो पिशवीतच राहिला. त्याआधीच सरांचा रक्तदाब सुटला. डॉक्टरबाईंनी वेग वाढवला, पंपाने ऐकलं. पुन्हा वाढवला, त्याने पुन्हा ऐकलं. जितकं सांगितलं तितकं, एक थेंब इकडेतिकडे नाही. त्या जुन्या प्रोग्रामच्या भोकातून कोणी आत आलं नव्हतं. कोणी येणारही नव्हतं कदाचित. आम्ही जिच्या भीतीने कल्याण, डोंबिवली, दिवा पालथं घातलं ती गोष्ट त्या वॉर्डात घडलीच नाही. सर त्यांच्या आजाराने गेले. यंत्र शेवटपर्यंत बरोबर होतं. हे मी स्वतःला सांगून पाहतो. वाक्य बरोबर आहे, आधार काही देत नाही.

आता हा पंधरवडा आला की आमच्याकडे दोन फाइलींच्या मधल्या वाटा आधी वाचतात. नाडकर्णी साहेबांनी दंडक बदलला नाही, पण दुरुस्तीला नवीन म्हणत नाहीत. मी अजून चुका करतो. मागच्या वर्षी कावळ्याच्या एका सूचनेपुढे ‘खरी’ लिहिण्याऐवजी मी ती सूचनाच पुसली, आणि मेघनाने ती परत आणून माझ्या खुर्चीवर कागदावर चिकटवून ठेवली. तिच्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवताना तिने घरी बजावलं म्हणे, छोटं ठेवा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. डॉक्टरबाई काकूंना बाजूला घेऊन बोलल्या आणि गेल्या. नर्स सरांच्या हातावरच्या पट्ट्या सोडवत होती. पंपाला यातलं काही माहीत नव्हतं. तो औषध ढकलत होता. सिरिंज संपत आली आणि अलार्म वाजायला लागला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. कान द्यायची सवय झालेली सगळ्यांना. नर्स म्हणाली, ‘तुमचंच मशीन ना? बंद करा ते आधी.’

आमचा पंप एका दाबाने बंद होत नाही. सरांनी मुद्दाम तसं केलेलं. कुणाचा कोपर लागेल, कुणी चादर झटकेल आणि औषध थांबेल, म्हणून बटण दाबून धरायचं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरते. भरायच्या आत बोट उचललं तर पंप समजतो, चुकून लागलं. मी अंगठा ठेवला. पट्टी अर्धी भरली आणि माझा अंगठा सुटला. पडद्यावर अक्षरं आली: औषध चालू.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा सुटला. औषध चालू.

मेघना कधी आली कळलं नाही. तिने माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. ‘उचलू नको रे,’ ती म्हणाली. ‘धरून ठेव.’

पट्टी भरली. अलार्म थांबला. आणि पंपाने विचारलं, कारण सरांनी त्याला तसं विचारायला शिकवलेलं: नक्की थांबवायचं?

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पडद्यावरचा प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘कुलूपसुद्धा दोनदा ओढून बघायचे रे. जिना उतरून गेले तरी परत वर यायचे.’ आणि सरांच्या कपाळावर हात ठेवून मला म्हणाल्या, ‘दाब तू.’